आडवं पडलेलं लेथ आणि श्लेसिंगरचा तक्ता

आजची गोष्ट हुबळीतल्या एका शेडमधली आहे, पण वाटेत बर्लिनला जाऊन यावं लागेल.

ओळखीतल्या एका मुलाने जुनं लेथ घेतलं. वर्षाची बचत आणि आईच्या पाटल्या त्यात गेल्या. टेम्पोतून उतरवताना साखळी घसरली आणि मशीन तोंडावर आडवं झालं. लेथचं वजन वरच्या अंगाला असतं, त्यात हेडस्टॉकची बाजू जड, त्यामुळे जरा कललं की सावरत नाही. मुलाचा फोन आला, "काका, भंगारवाला किलोवर मागतोय. देऊन टाकू?"

मी म्हटलं, थांब. आयुष्यभर फिटिंग शिकवलं, तेवढा हक्क बजावला.

जाऊन पाहिलं. सॅडलचं हँडव्हील वाकडं, लीड स्क्रूला बाक, गिअरबॉक्सचा एक बिडाचा कान तुटलेला. डोळ्यांत भरतं ते हेच, पण मशीनचा जीव त्यात नसतो. बेड तडकला आहे का आणि स्पिंडल जागेवर आहे का, हे दोनच प्रश्न खरे. बेड पुसून रॉकेल लावलं, थोड्या वेळाने कोरडा केला आणि खडूची पूड चोळली. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीवर रेघ उमटवतं. रेघ आली नाही.

मग स्पिंडलच्या टेपरमध्ये टेस्ट मँड्रेल बसवला, सॅडलवर डायल गेज लावला. इथे बर्लिन येतं. लेथ चांगलं की वाईट हे पूर्वी विकणारा आणि घेणारा भांडून ठरवत. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातले प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर यांनी 1927 मध्ये मशीन टूल तपासण्याचं पुस्तक काढलं आणि कुठे मोजायचं, किती चूक चालेल, हे आकड्यात मांडलं. 1933 मध्ये नाझींनी या ज्यू प्राध्यापकाला अटक केली. पुढे त्यांना देश सोडावा लागला आणि 1949 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. माणूस हाकलला, तक्ता मात्र जगभर राहिला. आपल्याकडे नव्या लेथसोबत येणारा तपासणीचा कागद त्याच घराण्यातला.

त्या तक्त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. स्पिंडलचा अक्ष 300 मि.मी. लांबीत 0.02 मि.मी.च्या आसपास कलला तर चालतो, पण कललाच तर टोक वर आणि टूलच्या बाजूला. कारण जॉबचं वजन खाली ओढतं, टूलचा दाब मागे रेटतो. म्हणजे उद्या मशीन ज्या बाजूला जाणार, त्याच्या उलट बाजूला आजच थोडं झुकतं माप द्यायचं. आमचा डायल मर्यादेच्या काठावर थांबला, पण आत.

राहिला बेड. चकजवळ नखाला लागेल एवढी कड झाली होती. बहुतेक जॉब आखूड असतात, सॅडल तिथेच घासतं. मुलगा म्हणाला, "बेड तर गेलाच." मी कागद घेतला. 40 मि.मी. जाडीच्या जॉबवर टूल सरळ खाली 0.1 मि.मी. उतरलं, तर व्यासात फरक पडतो जेमतेम अर्धा मायक्रॉन. तेवढंच आडवं सरकलं, तर 0.2 मि.मी., म्हणजे चारशे पट! म्हणून झीज किती यापेक्षा कोणत्या दिशेला, हे आधी बघायचं. व्ही-वे झिजला की सॅडल थोडं आडवंही सरकतं, पण इथे ते फार नव्हतं.

पाटीवर हरिहर लिहिलेलं होतं. किर्लोस्करवाडी 1910 ची. तिथे नांगर बनवणाऱ्या घराण्याने 1941 मध्ये म्हैसूर संस्थानात, हरिहरला, लेथचा कारखाना काढला. युद्धामुळे विलायती मशीन मिळणं मुश्कील होतं. बंगळुरूची एचएमटी आली 1953 मध्ये, स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोनचा हात धरून. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं, स्वस्त मिळालं म्हणून घेतलेलं.

तुटलेला कान आधी सावकाश तापवून पितळेने ब्रेझ केला आणि राखेत गाडून रात्रभर निवू दिला. बीड घाईने गार केलं तर शेजारी नवी चीर जाते. लीड स्क्रू व्ही-ब्लॉकवर ठेवून प्रेसने थोडा थोडा दाबत सरळ केला, त्यात दोन दिवस गेले. हाफ नट नवा. बेडला हात लावला नाही. सॅडलच्या तळाला निळं लावून उंच ठिपके तेवढे स्क्रेपरने खरवडले.

शेवटी एका सळईवर 200 मि.मी. अंतराने दोन कॉलर कातले. फरक 0.06. मुलाचा चेहरा उतरला. माझाही, खरं सांगायचं तर. मग लक्षात आलं, पायाचे बोल्ट त्याने ओबडधोबड फरशीवर जीव खाऊन आवळले होते, बेडला पीळ पडला होता. बोल्ट सैल केले, स्पिरिट लेव्हल आडवी ठेवली, टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पत्र्याची पातळ पट्टी सारली. परत कातलं. 0.02.

"काका, अजून एक पट्टी घालून बघू?" तो म्हणाला. म्हटलं, घाल. मी चहा घेतो.