करोडगिरी नाका आणि आमचा राउटर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मागच्या लेखावर पुतण्याचा निरोप आला होता, "काका, इतिहास पुरे, कधीतरी आजचं लिहा की!" तर आज आजचंच लिहितो. पण इतिहासाच्या मास्तराची खोड जात नाही, त्यामुळे सुरुवात निजामापासूनच होणार. :-)

हिंगोलीहून वाशीमकडे निघालात की पैनगंगेच्या काठावर कनेरगाव नाका लागतो. गावाच्या नावातच नाका. नदीपलीकडे वऱ्हाड, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यातलं. अलीकडे आम्ही, म्हणजे हैदराबाद संस्थान. संस्थानाचं नाणं वेगळं (हाली सिक्का), टपाल वेगळं आणि जकातीचं खातंही वेगळं. त्या खात्याला म्हणायचे 'करोडगिरी'. हद्दीवरच्या प्रत्येक रस्त्यावर करोडगिरीचा नाका असायचा. बैलगाडी थांबायची, पोतं उघडायचं, काय आहे, कुठून आलं, कुणाकडे चाललं याची नोंद व्हायची आणि मग पुढे जायची परवानगी. वडील सांगायचे की लग्नाच्या बस्त्याचं गाठोडंसुद्धा नाक्यावर सोडून दाखवावं लागे, आणि पुन्हा बांधताना त्याची पहिली घडी काही बसत नसे.

माल अडवला जायचा तशी माणसंही अडवली जायची, आणि विचारसुद्धा. बाहेरच्या कितीतरी वर्तमानपत्रांना संस्थानात प्रवेशबंदी होती. आणि 'गश्ती निशाण ५३' तर आमच्याकडच्या जुन्या माणसांना तोंडपाठ. या गश्तीनुसार सभा घ्यायची तर सरकारची आगाऊ परवानगी हवी. कुठली सभा घेऊ नये याची यादी सरकारने दिली नव्हती. सगळ्याच सभा बंद, आणि परवानगी मिळाली तर तेवढी एक उघडी. मी तीस-बत्तीस वर्षं वर्गात हा प्रकार जुलमाचा नमुना म्हणून शिकवला. १९४७-४८ मध्ये मुक्तिसंग्रामातल्या तुकड्यांनी करोडगिरीचे नाके जाळले, हे सांगताना तर आवाज आपोआप चढायचा. पोरंही टाळ्या द्यायची.

आणि उतारवयात माझ्यावर वेळ आली ती एका डबीत 'सगळं बंद, परवानगी असेल तेवढंच उघडं' हा नियम स्वतः बसवायची!

त्याचं असं झालं. आम्हा शिक्षकांची एक छोटी पतसंस्था आहे. नाव-गाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. निवृत्तीनंतर तिचा मानद सचिव म्हणून काही वर्षं काम पाहिलं. कार्यालय म्हणजे दोन खोल्या, तीन संगणक, एक प्रिंटर, कॅमेऱ्याचा एक डबा आणि कपाटावर लुकलुकणारा राउटर. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आमचा लेखनिक शेजारच्या गावात अडकला. मार्चअखेर डोक्यावर, व्याज लावायचं राहिलेलं. संगणक दुरुस्त करणारा मुलगा फोनवर म्हणाला, "गुरुजी, घरूनच ऑफिसचा पीसी चालवता येईल. फक्त राउटरमध्ये एक पोर्ट उघडावा लागतो." मी विचारलं, "त्यात काही धोका?" तो म्हणाला, "सगळेच करतात." मी म्हणालो, "दे उघडून."

या 'दे उघडून'चा कागद कुठेही नाही. तोंडी हुकूम. त्याच्याआधी त्या मुलाला बोल लावण्याचा मला अधिकार नाही.

पोर्ट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण मलाही तेव्हा ते कळलं नव्हतं. संगणकाचा जालावरचा पत्ता म्हणजे वाड्याचा पत्ता, आणि पोर्ट म्हणजे त्या वाड्याची क्रमांक घातलेली दारं. एकूण ६५ हजारांच्या वर. संकेतस्थळांचं दार ८० आणि ४४३, टपाल पाठवायचं २५, आणि दुरून विंडोजचा पडदा आपल्यासमोर आणायचं ३३८९. आमचं उघडलं ते हे शेवटचं. आणि उघडलं ते लेखनिकापुरतं नाही, साऱ्या जगाला!

आता थोडा खरा इतिहास. सुरुवातीच्या जालावर अशी दारं बंद करायची कुणाला गरजच वाटली नव्हती. विद्यापीठं आणि संशोधन संस्था एकमेकांवर विश्वास टाकून होत्या. आपल्याकडे १९८६ मध्ये 'अर्नेट' सुरू झालं, त्यात आयआयटी होत्या आणि मुंबईची एनसीएसटी होती. तिथलीही मंडळी एकमेकांना नावाने ओळखणारी. गावात दाराला नुसती कडी लावून शेतावर जायचे दिवस असतात ना, तसे. मग २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिसने स्वतःहून पसरणारा एक प्रोग्राम सोडला. अंदाजे सहा हजार यंत्रं ठप्प झाली. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण तेव्हाच्या जालावर एकूण यंत्रंच साठ हजारांच्या आसपास होती. म्हणजे दहातलं एक. त्याने वापरलेल्या वाटा साध्याच होत्या: टपालाच्या प्रोग्राममधली एक चूक, सोपे परवलीचे शब्द, आणि एका यंत्राने दुसऱ्यावर टाकलेला आंधळा विश्वास.

त्यानंतर वेशीवर पहारा बसवण्याचा विचार जोर धरू लागला. त्याला नाव मिळालं फायरवॉल. मूळ शब्द इमारतींचा, एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये बांधलेली भिंत. (मराठीत कुणीतरी 'अग्निभिंत' केलं होतं, पण ते काही चाललं नाही.) पहिले पहारेकरी अगदी करोडगिरीच्या शिपायासारखे. प्रत्येक पुडक्याची पाटी वाचायची: कुठून आलं, कुठे चाललं, कुठलं दार. यादीशी ताडायचं, सोडायचं किंवा टाकून द्यायचं. बेल लॅब्जच्या चेस्विक आणि बेलोविन यांनी १९९४ मध्ये यावर अख्खं पुस्तकच लिहिलं.

पण नुसती पाटी वाचणाऱ्या शिपायाची एक अडचण असते. आपण आतून एखादं पान मागवलं, तर त्याचं उत्तर बाहेरूनच येणार. ते आत कसं सोडायचं? म्हणून नंतरचे पहारेकरी वही ठेवू लागले. आतून कोण कुणाला हाक मारून गेलं ते लिहून ठेवायचं, त्याचंच उत्तर आलं तर सोडायचं, न बोलावता कुणी आलं तर परत. म्हणजे नियम काय झाला? आतून बाहेर जायला मोकळीक, बाहेरून आत यायला आमंत्रण हवं. करोडगिरीत हा फरक नव्हता, तिथे जातानाही झडती होती.

गंमत अशी की घरोघरी हा पहारा आला तो जवळजवळ अपघाताने. जालावरचे पत्ते पुरेनात, म्हणून १९९४ मध्ये एक युक्ती लिहिली गेली. आतल्या सगळ्या यंत्रांना खासगी क्रमांक द्यायचे (१९२.१६८ ने सुरू होणारे आपण पाहतो ते याचेच) आणि बाहेर एकच पत्ता दाखवायचा. मग बाहेरून आलेलं अनोळखी पुडकं आत कुणाला द्यायचं हे राउटरला कळतच नाही, आणि ते पडून जातं. हेतू होता काटकसरीचा, मिळाली सुरक्षा. तीही अर्धवटच. पत्त्यांची नवी पद्धत आली, आयपीव्ही६, तिच्यात पत्ते मुबलक आहेत आणि ही आड राहत नाही. तिथे आत येण्याचे नियम मुद्दाम तपासूनच घ्यावे लागतात.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने जनतेसाठी इंटरनेट सुरू केलं. फोन लावून जोडणी, मध्ये राउटर वगैरे काही नाही, संगणक थेट रस्त्यावर उभा. ऑगस्ट २००३ मधला 'ब्लास्टर' किडा आठवतो का? पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि संगणक आपोआप बंद! तो १३५ नंबरच्या दारातून यायचा. विंडोज एक्सपीमध्ये तेव्हाही पहारा होता, पण तो बंद अवस्थेत दिलेला होता. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने तो आधीपासूनच चालू ठेवून द्यायला सुरुवात केली. शिपाई होताच, फक्त त्याला उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि २०१७ साल तर या दारांचंच. १२ मे ला 'वॉनाक्राय' आला, ४४५ नंबरच्या दाराने. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, लोकांनी लावली नव्हती. जूनअखेर 'नॉटपेट्या'ने आपल्या जेएनपीटीमधलं एक टर्मिनल ठप्प केलं, मर्स्कच्या समूहातल्या कंपनीचं. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागल्या. बंदराला इंग्रजीत पोर्टच म्हणतात, त्यामुळे पोर्टातून शिरलं आणि पोर्ट बंद पडलं असं म्हणायचा मोह होतो. पण ते पूर्ण खरं नाही. नॉटपेट्या पहिल्यांदा शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत प्रतीतून. म्हणजे आपणच आतून हाक मारून बोलावलेला पाहुणा! वेशीवरचा शिपाई त्याला कशाला अडवेल? आत आल्यावर मात्र तो ४४५ सारख्या दारांनी शेजारच्या यंत्रांत पसरला. त्याच वर्षी जुलैत बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम बंद पडले. कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' हाच परवलीचा शब्द तसाच राहिलेला, आणि मोडेमची देखभाल करण्याचं दार बाहेरून दिसणारं.

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

२०२१ च्या दिवाळीच्या सुटीनंतर कार्यालय उघडलं तर सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. मुख्य संगणकाची नोंद नंतर पाहिली. एकेका रात्रीत शेकड्यांनी कुणीतरी परवलीचे शब्द लावून बघत होतं, कित्येक आठवडे. टाळेबंदी केव्हाच संपलेली, लेखनिक रोज खुर्चीवर येऊन बसत होता, आणि ते दार तसंच उघडं. आमचा परवलीचा शब्द काय होता ते सांगायची लाज वाटते. संस्थेच्या नावापुढे १२३.

वाचवलं कुणी, तर आमच्या जुन्या रोखपालाने. ते गृहस्थ संगणकावर विश्वास न ठेवता मार्चअखेरपर्यंतची खतावणी हाताने लिहून ठेवायचे, आणि आम्ही त्यांना हसायचो. एप्रिलपासूनचे सात महिने पावत्यांवरून पुन्हा उभे केले. खंडणी दिली नाही, पोलिसांत तक्रार दिली. दोन महिने आम्ही चार म्हातारे रोज संध्याकाळी बसून आकडे वाचत होतो. सगळं जुळलं, एका खात्याखेरीज. एका दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नीचं आवर्तक ठेवीचं खातं. त्यांच्याकडच्या तीन पावत्या सापडेनात, आमची स्थळप्रतही नाही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी भरलेत." मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही भरलेत." ते तीन हप्ते मी माझ्या खिशातून जमा केले. रक्कम मोठी नव्हती. पण त्यांना 'मी भरलेत' असं म्हणावं लागलं, ते मला अजून बोचतं.

त्यानंतर मी त्या मुलाला बोलावून राउटरचं पान स्वतः शिकून घेतलं. बाहेरून येणारं सगळं बंद. पोर्ट फॉरवर्डिंगची यादी रिकामी. 'डीएमझेड' म्हणून एक खूण असते, ती लावली की एखादं यंत्र सगळ्या दारांसकट रस्त्यावर उभं राहतं, ती काढली. यंत्रांना आपली दारं आपणच उघडून घेऊ देणारी 'यूपीएनपी' सोय बंद केली. आमचा कॅमेऱ्याचा डबा तिचाच फायदा घेत होता हे तेव्हा कळलं! राउटरचं स्वतःचं पान बाहेरून दिसणार नाही असं केलं, परवलीचा शब्द बदलला. घरून काम करायची वेळ आलीच तर व्हीपीएन, म्हणजे आधी ओळख पटवून मग आत.

नियमांचा क्रमही महत्त्वाचा असतो. बहुतेक राउटर वरून खाली वाचतात आणि जो नियम पहिला लागू पडतो तिथेच थांबतात. वर 'सर्वांना सोडा' असेल तर खालचा 'याला अडवा' कुणी वाचतच नाही. मुलांना प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचायला सांगणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, गश्ती निशाण ५३ ला शिव्या देता देता तुम्हीच ती काढलीत! हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. फरक मला असा दिसतो की गश्ती माणसांच्या बोलण्यावर होती, आणि ती बोलणाऱ्यांना न विचारता काढलेली. राउटरच्या मागे आहेत ते सभासदांचे पैसे, आणि दार बंद ठेवा हे त्यांनीच आम्हाला सांगायला हवं होतं, आम्ही विचारलं असतं तर. मात्र नाक्यावर बसलेल्या माणसाला हळूहळू गाठोडी सोडायची सवय लागते, हे मी नाकारत नाही. कोणता कर्मचारी कोणती पानं पाहतो हेही राउटरवर दिसतं, असं त्या मुलाने दाखवलं, तेव्हा मी ते पान बंद करायला सांगितलं.

आमच्या सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला पाणी हवं असलं की नमुना नंबर सातचा अर्ज भरतात. कोण, कुठलं शेत, कुठलं पीक. पाळी संपली की दार खाली. तीच पद्धत मी कार्यालयात लावली. राउटरशेजारी खिळ्याला एक वही अडकवली आहे. रकाने पाच: कुठलं दार, कशासाठी, कुणी मागितलं, कधीपर्यंत, बंद कुणी केलं. आता सचिव दुसरे आहेत, पण वही चालू आहे.

मागच्या महिन्यात अध्यक्षांनी मागणी केली की कार्यालयातला कॅमेरा त्यांना घरी मोबाइलवर दिसावा, त्यासाठी एक पोर्ट उघडून द्या. नव्या सचिवांनी वही पुढे केली. 'कधीपर्यंत' या रकान्यात अध्यक्षांनी लिहिलं, 'कायम'. सचिवांनी मला फोन करून विचारलं, मी नाही म्हणून सांगितलं. अध्यक्ष माझेच जुने विद्यार्थी. परवा बाजारात भेटले, नमस्कार केला, पण नेहमीसारखं चहाला काही बोलावलं नाही.