मडक्यातले घड्याळ

धाकटी बहीण बाळंतपणासाठी आर्णीला माहेरी आली, त्याच महिन्यात आम्ही खोलीत पांढऱ्या टाइल्स बसवल्या होत्या. पुतण्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला: टाइल्समधून किरणोत्सर्ग होतो. अम्मी घाबरली. बहिणीचे अंथरूण सारवलेल्या ओसरीत गेले.

मी वाचू लागलो. बातमी खोटी नव्हती, अर्धवट होती. टाइल्सच्या पांढऱ्या झिलईत बहुधा झिरकॉन हे खनिज असते आणि त्यात थोडे युरेनियम, थोरियम असते. पण ओसरीची जमीन आणि अम्मीचा माठ तरी कुठे सुटले? युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-40 मातीत पृथ्वीच्या जन्मापासून आहेत. सूरह रहमानमध्ये माणसाच्या मातीला मडक्याची उपमा आहे. विज्ञानही तेच नाते दाखवते. आपल्या शरीरातल्या पोटॅशियमचेच सेकंदाला सुमारे चार हजार अणू फुटतात. निसर्गाकडून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. त्यात टाइल्सचा वाटा किरकोळ.

इतिहासाच्या अभ्यासकांना तर हाच किरणोत्सर्ग कामी आला. मडके भट्टीत सुमारे 500 अंशांवर तापले की त्यातल्या वाळूच्या कणांत साठलेली ऊर्जा निघून जाते. घड्याळ शून्यावर येते. पुढे त्याच्याच मातीतल्या आणि भोवतालच्या किरणांनी ती पुन्हा साठत राहते. प्रयोगशाळेत खापर तापवले की मंद प्रकाश निघतो. त्यावरून साठलेली ऊर्जा कळते. वर्षाला किती साठते ते मोजले की वय निघते. ही कल्पना 1953 साली अमेरिकेत फॅरिंग्टन डॅनियल्स आणि सहकाऱ्यांनी मांडली. आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत हे काम चालते. हजार वर्षांच्या खापरामागे पन्नास-शंभर वर्षे इकडेतिकडे होतात, एवढेच.

आपल्याकडे इतिहास म्हटला की आधी भांडण सुरू होते: कोण मूळचे, कोण बाहेरचे? शेतात नांगराला लागलेले खापर ते कधी भाजले गेले एवढेच सांगते. भाजणाऱ्याचा धर्म त्यात नोंदलेला नसतो. जेवढे ठाऊक तेवढेच बोलणारा असा साक्षीदार आपल्या वादांत क्वचितच भेटतो.

हे सारे अम्मीला सांगितले. ती म्हणाली, "मग काय, माझा माठ फोडू?" रात्री बहिणीचे अंथरूण पुन्हा खोलीत आले.