जुन्या पेटीचें मोल

गेल्या वर्षीं आमच्या आत्याबाई निवर्तल्या, आणि त्यांची हार्मोनियम, म्हणजे आमच्या घरच्या भाषेंत पेटी, आतां कोणीं सांभाळावयाची हा प्रश्न उभा राहिला. घरांत वाजविणारें कोणी उरलेलें नाहीं. नव्या बिऱ्हाडांत जागा नाहीं. आणि न वाजणाऱ्या पेटीचा भाता कसर व उंदीर मिळून खातात हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून ती इंटरनेटवर जाहिरात देऊन विकावी असें ठरलें. आम्हीं आजवर रद्दीखेरीज कांहींच विकलेलें नव्हतें. फोटो काढून झाले, पण खालीं मजकूर काय लिहावयाचा येथेंच गाडें अडलें. ‘जुनी पेटी, जर्मन सूर’ इतकें लिहिलें कीं किंमत चढते, असें माहितगारांनीं सांगितलें. घरांतील समजूतही तीच होती. आजोबांनीं १९५२ सालीं ही पेटी नाटकांत साथ करणाऱ्या एका गृहस्थांकडून जुनीच घेतली, व तिचे सूर जर्मनीचे आहेत, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ऐकीव गोष्ट आणि विक्रीचा करार यांत अंतर आहे. तें मोजण्याच्या खटपटींत आम्हांस पेटीच्या इतिहासाकडे वळावें लागलें. तो इतिहास थोडक्यांत वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

हार्मोनियम हें वाद्य आपलें नव्हे. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें अलेक्झांद्र देबें नांवाच्या कारागिरानें त्याला तें रूप व तें नांव दिलें. पितळेच्या पातळ जिभांवरून वारा सोडावयाचा व त्यांच्या कंपनानें स्वर उमटवावयाचा, ही त्यांतील मूळ युक्ति. मिशनरी व इतर युरोपियन लोक यांच्याबरोबर तें हिंदुस्थानांत आलें, तेव्हां तें मेजाएवढें होतें. खुर्चीवर बसून दोन्ही पायांनीं भाता चालवावयाचा आणि दोन्ही हातांनीं वाजवावयाचें, अशी त्याची रीत होती. आपला गवई बैठकीवर मांडी घालून बसणारा. त्याच्यासाठीं पाय काढून टाकलेली, मागच्या बाजूस भाता असलेली व एका हातानें वारा घालतां येईल अशी पेटी तयार झाली, आणि तिचें श्रेय कलकत्त्याच्या ‘द्वारकिन’ या पेढीचे संस्थापक द्वारकानाथ घोष यांस देण्यांत येतें. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील होय. आपल्या गाण्यांत एकाच वेळीं अनेक स्वर वाजविण्याचें कारण नसल्यामुळें एक हात भात्यास दिला तरी कांहीं बिघडत नव्हतें. पेटीचें हें देशी रूप असें सोयींतून जन्मास आलें.

याच सुमारास महाराष्ट्रांत संगीत नाटकाचा उदय होत होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें, आणि पुढील पन्नास वर्षांत नाट्यगीतांनीं मराठी घराघरांत प्रवेश केला. रंगभूमीवर पायपेटी व ऑर्गन हीं वाद्यें रूढ झालीं. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनीं पेटीवादनास स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. नाटक पाहून आलेल्या माणसास तें पद घरीं बसून काढून पाहावेंसें वाटे, आणि त्यास पेटीसारखें दुसरें साधन नव्हतें. सतार किंवा सारंगी लावावयास शिकण्यांतच वर्ष जातें. पेटी लावलेलीच असते. मुलीस पेटी शिकविणें हें मध्यमवर्गांत रूढ होऊन बसलें तें या सोयीमुळेंच. आमच्या आत्याबाई त्याच पिढीच्या शेवटच्या.

परंतु ज्या गुणानें पेटी घराघरांत गेली, त्याच गुणास विद्वानांनीं दोष ठरविलें. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बांधलेले असतात. त्यामुळें तिचा गांधार तंबोऱ्यांतून उमटणाऱ्या गांधारापेक्षां किंचित् चढा लागतो. तिच्यांतून मींड निघत नाहीं, आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद तिला दाखवितां येत नाहींत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि सिव्हिल सर्व्हिसमधील ई. क्लेमेंट्स यांच्या साहाय्यानें श्रुति दाखविणारी हार्मोनियम करविण्याचा प्रयत्न झाला. तो शास्त्राच्या दृष्टीनें मोलाचा होता, पण ती पेटी घरांत शिरली नाहीं. पुढें १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें आपल्या केंद्रांवर हार्मोनियमची साथच बंद केली. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचाही या वाद्यास विरोध होता. ही बंदी उठावयास, आणि तीही अंशतः, १९७१ साल उजाडावें लागलें. म्हणजे आजोबांनीं पेटी घेतली तेव्हां ती आकाशवाणीवर वाजविण्यास मनाई होती. तरीही त्यांनीं ती घेतली, आणि आमच्या घरांत रेडिओ व पेटी एकाच खोलींत सुखानें नांदलीं.

आतां ‘जर्मन सूर’ या शब्दांकडे येऊं. पेटीच्या व्यवहारांत पितळी जिभांनाच सूर म्हणतात. आरंभीं हे सूर फ्रान्स व जर्मनी येथून येत, आणि त्यांच्या गोड व टिकाऊ आवाजाचा लौकिक अजूनही जुन्या पेट्यांच्या बाजारांत टिकून आहे. पुढें सूर देशांतच होऊं लागले. गुजरातेंतील पालिताणा हें गांव त्यासाठीं प्रसिद्ध आहे. आमची पेटी कोणत्या वर्गांतली हें तिला उघडल्यावांचून कळण्यासारखें नव्हतें. म्हणून ती एका जुन्या कारागिरांकडे नेली. त्यांनीं वरची फळी काढली, सुरांच्या ओळी बाहेर घेतल्या आणि आम्हांसच मोजावयास लाविलें. बेचाळीस पट्ट्या, प्रत्येकीस खर्जाचा एक व नराचा एक, असे एकूण ८४ सूर. त्यांपैकीं ४९ परदेशी होते. उरलेले ३५ निरनिराळ्या वेळीं घातलेले देशी. कित्येकांवर कानशीचे ओरखडे होते, म्हणजे पेटी एकदां नव्हे, दोनतीनदां पुन्हां लावलेली होती. “साहेब, रोज वाजणारी पेटी अशीच असते,” असें ते म्हणाले. “सगळे सूर मूळचे असलेली पेटी पाहिजे असेल तर कधींच न वाजलेली शोधावी लागेल.”

घरीं आल्यावर मतभेद झाला. बंधूंचें म्हणणें असें कीं अर्ध्याहून अधिक सूर जर्मन आहेत, तेव्हां ‘जर्मन सूर’ लिहिण्यांत खोटें काय? घेणारा कांहीं पेटी उघडून मोजणार नाहीं. आणि आजोबांचा शब्द आपण कां खोडावा? त्या शब्दानें किंमतींत दहाबारा हजारांचा फरक पडत होता, आणि आत्याबाईंच्या शेवटच्या दुखण्याचा खर्च अजून पुरता फिटला नव्हता. हा मोह लहान नव्हता हें आम्ही कबूल करतों. परंतु आजोबा खोटें बोलले नव्हते. त्यांस जें सांगितलें गेलें तें त्यांनीं आम्हांस सांगितलें. आम्हीं मात्र मोजून पाहिलें होतें. मोजल्यावर तेंच वाक्य आमच्या तोंडीं खोटें झालें असतें. शेवटीं जाहिरातींत ४९ व ३५ हे दोन्ही आंकडे गेले. बंधु दोन दिवस बोलले नाहींत.

यापुढील अनुभव पहिल्यानेंच विकणाऱ्यांस उपयोगीं पडेल म्हणून नमूद करतों. जाहिरात दिल्यापासून तासाभरांत एका इसमानें किंमतीविषयीं घासाघीस न करतां पेटी पसंत केली, आणि पैसे पाठविण्यासाठीं म्हणून एक चौकोनी सांकेतिक चित्र धाडलें. तें मोबाइलनें टिपून आपला गुप्त आंकडा घालावा, म्हणजे रक्कम जमा होईल, असें तो सांगत होता. सूनबाईंनीं वेळीच हात धरला. मोबाइलवरून पैसे घेण्यास गुप्त आंकडा कधींच घालावा लागत नाहीं. तो पैसे देण्यासाठींच असतो. दुसरी गोष्ट पट्ट्यांची. कांहीं जुन्या वाद्यांच्या पट्ट्यांवर हस्तिदंत असतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९८६ व १९९१ सालीं झालेल्या दुरुस्त्यांमुळें हस्तिदंताच्या व्यापारास बंदी आहे. तेव्हां तें आधीं पाहून घ्यावें. आमच्या पट्ट्या सेल्युलॉइडच्या निघाल्या. तिसरी गोष्ट, फोटोवरून पेटी कळत नाहीं. प्रत्येक पट्टी क्रमानें वाजवून ध्वनिमुद्रण पाठवावें, भाता वारा किती धरतो तें सांगावें, मुके सूर असतील तर तेही लपवूं नयेत. आणि शक्य तर घेणाऱ्यास घरीं येऊन वाजवून पाहूं द्यावें.

तीन आठवड्यांनीं सातारा जिल्ह्यांतील एक शिक्षक आपल्या मुलीस घेऊन आले. त्यांनीं दोन्ही आंकडे वाचले होते. “आपण देशी सूरसुद्धां मोजून लिहिलेत, म्हणून एवढ्या लांब आलों,” असें ते म्हणाले. मुलीनें तासभर वाजविलें. तिला तार सप्तकांतील एक सूर कचरतो असें वाटलें, व तें खरें होतें. आम्हीं तीस हजार मागितले होते. अठरांत सौदा झाला. बंधूंनीं स्वतः भात्याची कडी लावून पेटी त्यांच्या गाडींत ठेविली, आणि तो कचरणारा सूर कोणत्या कारागिराकडून नीट करून घ्यावा हेंही सांगितलें.

पेटीच्या इतिहासांत शुद्धतेचा आग्रह अनेकांनीं धरला, आणि त्यांच्या आक्षेपांत तथ्यही होतें. पण पॅरिसला जन्मलेलें, कलकत्त्यास पाय गमावलेलें, जर्मन आणि पालिताण्याच्या सुरांनीं भरलेलें हें वाद्य आपल्या घरांत टिकलें तें शुद्ध होतें म्हणून नव्हे. बिघडलें कीं कोणीतरी तें दुरुस्त करीत गेलें म्हणून. आमच्या पेटीचे ३५ सूर हा तिचा कमीपणा नव्हता. आजोबा व आत्याबाई यांनीं मिळून ती जवळजवळ सत्तर वर्षें वाजती ठेविली, याची ती पावती होती. ती पावती लपविली असती तर बारा हजार रुपये अधिक आले असते. पण घेणाऱ्याच्या घरीं ती आमची पेटी म्हणून गेली नसती.