नागरिकशास्त्राचे शालेय शिक्षण

नागरिकांचे हक्क व कर्तव्ये, तसेच शासनसंस्थेची रचना व कार्ये यांविषयी शालेय वयातील मुलांना दिले जाणारे शिक्षण. राज्यशास्त्राशी त्याचा निकटचा संबंध असला, तरी केवळ माहिती देणे हा त्याचा हेतू नसून सार्वजनिक जीवनात विवेकाने भाग घेणारा नागरिक घडविणे, हा आहे. राज्यसंस्था जनतेकडे कोणत्या दृष्टीने पाहते, याचे प्रतिबिंब ह्या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत पडते.

शालेय विषय म्हणून त्याचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शाळांतील धार्मिक शिक्षणाची जागा नैतिक व नागरी शिक्षणाने घेतली. तेथे प्रजासत्ताकाला निष्ठावान नागरिक हवे होते. ब्रिटिश अमलाखालील भारतात मात्र विद्यार्थी हा नागरिक नसून प्रजाजन होता. मुंबई इलाख्यात सेवा केलेले सनदी अधिकारी सर विल्यम ली-वॉर्नर यांचे द सिटिझन ऑफ इंडिया (१८९७) हे शालेय पुस्तक या दृष्टीने उल्लेखनीय आहे. खेडे, शहर, जिल्हा, प्रांत अशा चढत्या क्रमाने त्यात कारभाराचे वर्णन आहे. परंतु त्याचा रोख ब्रिटिश राज्याचे लाभ पटवून देण्याकडे आहे. याउलट, त्यापूर्वी पंधरा वर्षे महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात (१८८२) रयतेच्या श्रमांतून गोळा होणारा महसूल उच्चवर्गीयांच्या शिक्षणावर खर्च होतो, असा आक्षेप घेऊन किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. हक्काची भाषा अशा रीतीने पाठ्यपुस्तकाबाहेर आधी अवतरली.

१९१९ व १९३५ च्या कायद्यांनी मताधिकार वाढविला, तरी तो मालमत्ता, कर, शिक्षण इत्यादी अटींनी मर्यादित होता. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाने मूलभूत हक्क आणि प्रौढ मताधिकार यांची हमी दिली. १९५१ मध्ये साक्षरतेचे प्रमाण सु. १८ टक्के होते. तथापि १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदारांची नोंद झाली. मताधिकार आधी आणि शिक्षण मागाहून, असा हा क्रम असल्यामुळे नागरिकशास्त्राच्या अध्यापनास विशेष महत्त्व आले. माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) लोकशाही नागरिकत्वाची जोपासना हे शिक्षणाचे एक प्रमुख उद्दिष्ट मानले आणि सत्य व प्रचार यांतील भेद ओळखण्याच्या क्षमतेवर भर दिला.

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून त्रिस्तरीय पंचायत राज्यव्यवस्था सुरू झाली. पुढे १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची स्थापना झाली. नागरिकशास्त्र बहुधा इतिहासाला जोडून शिकविले गेले. ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंतच्या संस्थांची रचना मुलांना त्यामुळे परिचित झाली. परंतु सदस्यसंख्या, वयोमर्यादा, मुदत असा तपशील पाठ करण्याकडे कल राहिला. हक्क संकटात येतात तेव्हा काय होते, हा प्रश्न त्यात क्वचितच आला. १९७५–७७ च्या आणीबाणीत अनेक मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार स्थगित झाला. त्याच काळात बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) दहा मूलभूत कर्तव्ये संविधानात समाविष्ट केली. २००२ मध्ये त्यांत अकराव्या कर्तव्याची भर पडली. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचे संरक्षण आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने (१९७८) केली. कर्तव्यांची यादी पाठ करून घेताना हा क्रमही विद्यार्थ्यांना समजणे आवश्यक ठरते.

मतदाराची वयोमर्यादा एकसष्टाव्या दुरुस्तीने (१९८८) एकवीसवरून अठरा वर्षांवर आल्याने शाळा आणि मतदान यांतील अंतर कमी झाले. मध्य प्रदेशात एकलव्य संस्थेने १९८० नंतरच्या दशकात सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात मुलांच्या अनुभवाला स्थान देणारे प्रयोग केले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा (२००५) तयार होताना नागरिकशास्त्राऐवजी राज्यशास्त्र हे नाव सुचविण्यात आले. कारण पहिल्या नावामागे आज्ञाधारक प्रजा घडविण्याची वसाहतकालीन परंपरा होती. त्यानंतरच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांत विषमता, भेदभाव व दैनंदिन कारभार यांची चर्चा आली. महाराष्ट्रातही २०१७ व २०१८ मध्ये अनुक्रमे नववी व दहावीच्या नव्या पुस्तकांत राज्यशास्त्र हे नाव आले. २०२० पासून राज्यातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन योजिण्यात आले.

नाव व आशय बदलले, तरी अध्यापनपद्धतीचा प्रश्न उरतो. अभिरूप संसद, विद्यार्थी-मंडळाची निवडणूक, ग्रामसभेस भेट हे उपक्रम उपयुक्त होत. मात्र निवडून आलेल्या विद्यार्थी-मंडळास कोणताही निर्णय घेता येत नसेल, तर निवडणूक हा एक समारंभच ठरतो. प्रश्न विचारण्याचा हक्क पुस्तकात छापलेला आणि वर्गात नाकारलेला असेल, तर मूल वर्गातील धडाच खरा मानते. म्हणून ह्या विषयाचे यश परीक्षेतील गुणांइतकेच शाळेच्या स्वतःच्या कारभारावरही अवलंबून असते.