सोनाखान : सोन्याच्या नावाचे ओस पडलेले गाव

सोने सापडले की गावे वसतात आणि सोने संपले की ती ओस पडतात, हा जगाचा अनुभव आहे. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि हजारो लोक तिकडे धावले. तेथील बोडी या नगरात आज केवळ रिकामी लाकडी घरे उभी आहेत. आपल्या देशातील कोलारच्या खाणी शंभराहून अधिक वर्षे चालून २००१ साली बंद झाल्या आणि कामगारांच्या वसाहतींवर अवकळा आली. परंतु आपल्या रायपूरपासून काही तासांच्या अंतरावर एक असे गाव आहे, की जे सोने संपल्यामुळे नव्हे, तर अगदी निराळ्या कारणाने ओस पडले होते. ते गाव म्हणजे सोनाखान.

बलौदाबाजारहून महानदी ओलांडून कसडोलमार्गे तेथे जाता येते. बारनवापाराच्या अरण्याला लागून असलेल्या या मुलुखातून जोंक नदी वाहते. तिची वाळू धुऊन सोन्याचे कण वेचणारे सोनझरा लोक या भागात पूर्वापार होते. आपल्याकडील झारेकरी सराफकट्ट्यावरची धूळ धुतात, तसाच हा चिकाटीचा धंदा. दिवसभर पाण्यात उभे राहावे तेव्हा चिमूटभर कण हाती लागावेत. गावाच्या नावात सोने असले तरी रयतेच्या घरात ते कधीच नव्हते.

येथील जमीनदार बिंझवार आदिवासी होते. छत्तीसगडावर त्या काळी नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. आपण मराठी माणसे रतनपूर व रायपूरच्या भोसलेकालीन खुणा अभिमानाने दाखवितो; त्या इतिहासात या वनवासी मुलुखाचाही वाटा आहे, हे विसरता कामा नये. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि हा प्रदेश कंपनी सरकारच्या थेट अंमलाखाली आला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, दुष्काळ पडला. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून ते भुकेल्या प्रजेला वाटले. सरकारच्या लेखी ही लूट ठरली. २४ ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांना संबलपूर येथे अटक होऊन रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पुढील वर्षी उत्तरेत बंडाचा वणवा पेटला. ऑगस्ट १८५७ मध्ये नारायणसिंह शिपायांच्या साहाय्याने निसटले आणि सोनाखानला परतून त्यांनी सुमारे पाचशे लोकांची फौज उभी केली.

इंग्रज अधिकारी स्मिथ रायपुराहून फौज घेऊन निघाला. देवरीच्या जमीनदारासह शेजारच्या काही जमीनदारांनी त्याला साथ दिली. डिसेंबरच्या प्रारंभी तो सोनाखानात शिरला, तेव्हा गावात चिटपाखरूही नव्हते. लोक आधीच डोंगरात निघून गेले होते. स्मिथने त्या रिकाम्या गावाला आग लावली. आपल्यापायी रयतेवर आणखी संकट येऊ नये म्हणून नारायणसिंह अखेर स्वाधीन झाले, असे मानले जाते. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फासावर चढविण्यात आले. परंपरेने ही जागा जयस्तंभ चौकाची मानली जाते. बाजारहाटाला जाताना आपण नित्य जो चौक ओलांडतो, तोच हा चौक.

१९८७ साली भारत सरकारने या हुतात्म्याचे टपाल तिकीट काढले. सोनाखान आज पुन्हा नांदते गाव असून तेथे त्यांचे स्मारक आहे. २०१६ मध्ये त्याच परिसरातील बाघमारा क्षेत्राचा लिलाव झाला. देशातील सोन्याच्या खाणीचा हा पहिलाच लिलाव होय. तेथे सुमारे २७०० किलो सोने असल्याचा अंदाज त्या वेळी वर्तविण्यात आला. भूगर्भातील सोन्याचा असा हिशेब मांडता येतो. कसडोलच्या कोठारातून वाटलेल्या धान्याचा हिशेब मात्र कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. तरीही या भूमीने आठवण ठेवली आहे ती त्या धान्याची.

उदरनिर्वाहासाठी महाराष्ट्रातून येथे येऊन आपल्यापैकी कित्येकांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. ज्या भूमीचे अन्न आपण खातो, तिचा इतिहास आपल्या मुलांना ठाऊक असावा. पुढच्या खेपेला सिरपूरच्या सहलीचा बेत कराल, तेव्हा आणखी एक दिवस राखून मुलांना सोनाखानलाही अवश्य न्यावे.