कुणाचेच नसलेले मैदान : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील तटस्थ सामन्यांची गोष्ट

२ डिसेंबर १९८९. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील ऑबर्न या लहानशा विद्यापीठनगरीत ८५,३१९ प्रेक्षक एका मैदानात जमले होते. समोरचा संघ राज्यातलाच, अलाबामा विद्यापीठाचा. त्या हंगामात तोवर अपराजित आणि देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेला. या दोन विद्यापीठांमधील पहिला सामना १८९३ साली झाला होता. म्हणजे वैर ९६ वर्षांचे, आणि तरीही अलाबामाचा संघ ऑबर्नच्या मैदानावर पाऊल ठेवत होता तो प्रथमच.

असे का घडले, यावर आजचा धागा. विषय वरकरणी खेळाचा आहे. मला त्यात रस वाटतो तो एका वेगळ्याच प्रश्नामुळे : दोन प्रतिस्पर्ध्यांनी भेटायचे कुठे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो?

आधी एक खुलासा. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल. लांबट चेंडूचा, शिरस्त्राणे घालून खेळला जाणारा. त्या देशाच्या दक्षिण भागात विद्यापीठांच्या संघांवरची निष्ठा घराण्याच्या कुलाचारासारखी पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. अलाबामा राज्यात नॅशनल फुटबॉल लीगचा एकही संघ नाही. तिथले सारे प्रेम आणि सारा द्वेष या दोन विद्यापीठांच्या वाट्याला येतो.

वेळापत्रकाचा सर्वसाधारण रिवाज सोपा आहे : एक वर्ष सामना आमच्या गावी, पुढचे वर्ष तुमच्या गावी. ज्याचे मैदान, त्याच्याकडे तिकिटांचा मोठा गल्ला, त्याच्या गावातील खाणावळींना आणि हॉटेलांना गिऱ्हाईक. काही मोजके सामने मात्र या रिवाजाला अपवाद ठरले. ते तिसऱ्याच शहरात होत आले आणि तिकिटे निम्मी-निम्मी वाटली जाऊ लागली. तटस्थ मैदान म्हटले की आपल्याला शारजा आठवते. तिथे दोन राष्ट्रांमधला तणाव कारणीभूत होता. येथे एकाच राज्यातील दोन विद्यापीठांना, किंवा एकाच सरकारच्या दोन सैनिकी प्रबोधिनींना, तिसरे गाव शोधावे लागले.

प्रबोधिनींपासूनच सुरुवात करू. वेस्ट पॉइंट येथील लष्करी प्रबोधिनी आणि ॲनापोलिस येथील नौदल प्रबोधिनी यांचा पहिला सामना २९ नोव्हेंबर १८९० रोजी वेस्ट पॉइंटच्या कवायतीच्या मैदानावर झाला. नौदलाने तो २४-० असा जिंकला. पुढची तीन वर्षे आळीपाळीने एकमेकांच्या घरी सामने झाले. १८९३ च्या सामन्यानंतर एक सेनाधिकारी आणि एक नौदल अधिकारी द्वंद्वयुद्धाच्या गोष्टी करू लागले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे राहू द्या, परिणाम मात्र कागदोपत्री आहे. अध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या मंत्रिमंडळातील युद्ध आणि नौदल या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी आपापल्या संघांना बाहेरगावी जाऊन खेळण्यास मनाई केली. दोघेही घरीच खेळणार म्हटल्यावर परस्परांशी खेळणे आपोआप बंद पडले.

१८९९ मध्ये सामना पुन्हा सुरू झाला तो फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या फ्रँकलिन फील्डवर. ही निवड समजण्यासारखी होती. फिलाडेल्फिया दोन्ही प्रबोधिनींच्या जवळजवळ मध्यावर आहे, आगगाडीने दोन्हीकडून थेट पोहोचता येते, आणि तेव्हा दोन्ही प्रबोधिनींकडे एवढा जमाव सामावून घेईल असे मैदानच नव्हते. पुढे सामन्याच्या दिवशी पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनी विशेष गाड्यांची रांग लावू लागली. तटस्थ मैदानाच्या इतिहासात रेल्वे कंपन्या, नगरपालिका आणि जत्रा भरवणाऱ्या समित्या यांना खेळाडूंइतकेच स्थान द्यावे लागते.

या सामन्याचा मला सर्वांत आवडणारा प्रसंग १९४२ चा. महायुद्धामुळे प्रवासावर निर्बंध होते, म्हणून सामना ॲनापोलिसला, नौदलाच्या घरीच घ्यावा लागला. आसपासच्या परिसरातील मोजक्या लोकांनाच प्रवेश होता आणि वेस्ट पॉइंटचे कॅडेट येऊ शकत नव्हते. मग लष्कराच्या संघासाठी आरोळ्या कोण देणार? नौदल प्रबोधिनीच्याच काही तुकड्यांना तसा हुकूम देण्यात आला. नौदलाच्या पोरांनी घसा ताणून लष्कराचा जयजयकार केला आणि नौदल १४-० ने जिंकले. पुढच्या वर्षी वेस्ट पॉइंटला हाच प्रकार उलट्या बाजूने झाला. तटस्थता हुकुमाने निर्माण करण्याचे इतके प्रामाणिक उदाहरण दुसरे आढळत नाही!

आता टेक्सासकडे. टेक्सास आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांचा सामना १९१२ मध्ये प्रथम डॅलस शहरातील राज्यजत्रेत झाला आणि १९२९ पासून तो दरवर्षी तिथेच होतो. ऑस्टिन आणि नॉर्मन या दोन विद्यापीठांच्या गावांपासून डॅलसचे अंतर जवळपास सारखे, प्रत्येकी तीनशे किलोमीटरच्या घरात. कॉटन बोल हे स्टेडियम जत्रेच्या आवारातच उभे आहे. पन्नास यार्डांच्या रेषेपाशी प्रेक्षागृह दुभंगते : एका बाजूला टेक्सासचा करडा नारिंगी रंग, दुसऱ्या बाजूला ओक्लाहोमाचा किरमिजी. स्टेडियम भरलेले असताना ही रेषा इतकी स्पष्ट दिसते की कोणी आखून दिली असावी असे वाटते.

भूमिती निर्दोष आहे. पण जत्रा सर्वांची होती का? १९३६ पासून कृष्णवर्णीयांसाठी तिथे एक स्वतंत्र दिवस नेमलेला होता. इतर दिवशी जत्रेतील बऱ्याच गोष्टी त्यांना बंद असत. १९५५ मध्ये हुआनिता क्राफ्ट यांच्या मार्गदर्शनाखाली कृष्णवर्णीय तरुणांनी याविरुद्ध जत्रेच्या दारात निदर्शने केली. प्रेंटिस गॉट हा कृष्णवर्णीय खेळाडू १९५७ पासून ओक्लाहोमाच्या मुख्य संघात होता, तर टेक्सासच्या मुख्य संघात ज्युलियस व्हिटियर उतरला तो १९७० साली. दोन्ही संघांना सारख्याच अंतरावर असलेले हे मैदान शहरातील सर्व नागरिकांपासून सारख्या अंतरावर मुळीच नव्हते. तटस्थतेचे कौतुक करणाऱ्या क्रीडालेखनात ही बाजू सहसा येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर, अलाबामाकडे. १९०७ चा सामना ६-६ असा बरोबरीत सुटला आणि त्यानंतर दोन्ही विद्यापीठांचे बिनसले. वाद कशावरून? खेळाडूंचा दैनिक भत्ता किती द्यायचा, प्रत्येकाने किती माणसे आणायची आणि पंच कुठून बोलवायचे, यावरून. पुढे या मुद्द्यांवर तोडगा निघाला, पण तोवर १९०८ चा सामना ठरवण्याची वेळ टळून गेली होती. चुकलेली ती एक तारीख ४१ वर्षांनी सापडली. एवढी वर्षे एकाच राज्यातील ही दोन विद्यापीठे परस्परांशी एकही सामना खेळली नाहीत.

शेवटी राज्याच्या प्रतिनिधिगृहाने १९४७ मध्ये सामना सुरू करण्याची विनंती करणारा ठराव संमत केला. दोन्ही विद्यापीठांचे अनुदान ज्यांच्या हातून येते त्यांची विनंती कशी असते, हे सांगायला नको. अलाबामाचे जॉन गॅलली आणि ऑबर्नचे राल्फ ड्रॉन या विद्यापीठप्रमुखांनी बोलणी पूर्ण केली. विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका उद्यानात खरोखरची कुऱ्हाड जमिनीत पुरून समेट जाहीर केला आणि ४ डिसेंबर १९४८ रोजी बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर सामना झाला. अलाबामाने तो ५५-० असा जिंकला. समेटाच्या सोहळ्याला शोभणारा निकाल नव्हे.

बर्मिंगहॅम ही लोखंड-पोलादाची नगरी. पुढे सामन्याला ‘आयर्न बोल’ हे नाव पडले ते त्यावरूनच. लीजन फील्ड राज्यातील सर्वांत मोठे स्टेडियम होते. ऑबर्नच्या मैदानात त्याच्या निम्मेही प्रेक्षक मावत नसत. त्यामुळे १९४८ मध्ये हा तोडगा दोघांनाही सोयीचा होता : तिकिटे निम्मी, उत्पन्न मोठे आणि कोणी कोणाच्या दारात जाण्याचा प्रश्न नाही.

पण नकाशा पाहा. अलाबामा विद्यापीठाचे टस्कलूसा बर्मिंगहॅमपासून सुमारे ९० किलोमीटरवर, तर ऑबर्न सुमारे पावणेदोनशे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अलाबामाचा संघ इतर प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे ‘घरचे’ सामनेही वर्षातून अनेकदा लीजन फील्डवरच खेळत असे. तिकिटांची वाटणी समान आणि मैदान मात्र एकाच्या सवयीचे. ऑबर्नच्या लोकांच्या मनात हे सलत राहिले, आणि माझ्या मते ते रास्तच होते.

१९८१ मध्ये पॅट डाय ऑबर्नचे प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक झाले. त्यापूर्वी त्यांनी अलाबामाचे थोर प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांच्या हाताखाली काही वर्षे काम केले होते. सामना ऑबर्नला नेण्याचा डाय यांचा मनसुबा ब्रायंट यांनी आधीच ओळखला आणि आपण असेपर्यंत ते होणार नाही असे बजावले, अशी आठवण डाय पुढे सांगत. ब्रायंट १९८३ च्या जानेवारीत निवर्तले. बर्मिंगहॅमशी असलेला करार १९८८ पर्यंत होता.

दरम्यान निर्णायक काम सिमेंट-काँक्रीटने केले. १९८० आणि १९८७ मध्ये ऑबर्नच्या जॉर्डन-हेअर स्टेडियमवर वरचे मजले चढले आणि त्याची क्षमता ८५ हजारांच्या पुढे गेली. आता ते लीजन फील्डपेक्षाही मोठे होते. मोठ्या मैदानाच्या अभावी तिसऱ्या शहरात जाण्याचे कारणच उरले नाही. डाय यांच्या जिद्दीला श्रेय आहेच, पण त्यांच्या हातात हे स्टेडियम नसते तर ती जिद्द बर्मिंगहॅमच्या वाटेवरच थकली असती.

म्हणून १९८९ चा तो दिवस. ऑबर्नने सामना ३०-२० असा जिंकला. तीनच आठवड्यांपूर्वी बर्लिनची भिंत पडली होती आणि डाय यांनी आपल्या लोकांच्या आनंदाची तुलना थेट त्या रात्रीशी केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अतिशयोक्ती झेपत नाही. पण ज्या समाजाला चाळीस वर्षे पाहुणा म्हणून वागवले गेले, त्याच्या तोंडी ती का आली असेल, हे कळते. अलाबामाने आपल्या पाळीचे सामने १९९८ पर्यंत लीजन फील्डवर ठेवले आणि २००० पासून टस्कलूसाला नेले. तिथला या दोघांमधला आधीचा सामना १९०१ चा होता.

मग बाकीचे तटस्थ सामने का टिकले? डॅलसला जत्रा आहे आणि शहर विद्यापीठांना घसघशीत मोबदला देते. जॅक्सनव्हिलमध्ये फ्लोरिडा आणि जॉर्जिया १९३३ पासून जवळजवळ सलग खेळत आले. १९९४ व १९९५ मध्ये स्टेडियम नव्याने बांधले जात असताना तेवढे सामने एकमेकांच्या घरी झाले. पण जॅक्सनव्हिल फ्लोरिडा राज्यातच आहे आणि जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांची तक्रार वेगळीच : घरच्या सामन्याला होतकरू शालेय खेळाडूंना बोलावून त्यांचे मन वळवता येते, तटस्थ मैदानावर नियमांनुसार ते करता येत नाही. करार टिकतो तो दरवर्षी येणाऱ्या पैशावर, आणि हिशेब बदलला की जुन्या परंपरेतील अंतरे पुन्हा मोजली जाऊ लागतात.

लीजन फील्डचे पुढे काय झाले? वरचा मजला धोकादायक ठरल्याने २००५ मध्ये पाडण्यात आला आणि मोठे सामने एकेक करून निघून गेले. एक मात्र राहिला. अलाबामा स्टेट आणि अलाबामा ए अँड एम या दोन ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांचा ‘मॅजिक सिटी क्लासिक’ अनेक दशके याच मैदानावर होत आला आहे, सहसा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी. आयर्न बोलच्या दोन्ही संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता त्या काळातही तो होत होता. एक विद्यापीठ दक्षिणेला माँटगोमेरीत, दुसरे उत्तरेला हंट्सव्हिलजवळ. दोन्हीकडून बर्मिंगहॅम साधारण दीडशे किलोमीटर.