लळा : तान्ह्या मुलाच्या मनाचा इतिहास



मुंबईचा चाकरमानी शिमग्याला बोटीने घरी येत असे, त्या काळापासून आपल्या रत्नागिरीकडे एक प्रसंग घरोघर घडत आला आहे. बाप पेटी खाली ठेवतो, ओटीवरच्या आठ-नऊ महिन्यांच्या पोराला कौतुकाने उचलतो, आणि पोर किंचाळून आजीच्या पदराकडे झेपावते. बापाचा चेहरा उतरतो; आजी सारवासारव करते. चार महिन्यांपूर्वी हेच पोर कुणाच्याही हाती हसत जात होते! वस्तुतः बापाने यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पोराला माणसे ओळखू येऊ लागली, त्यांतले एखादे 'आपले' ठरले, एवढाच त्या रडण्याचा अर्थ. या आपलेपणाला आपल्या भाषेत लळा असा सुंदर शब्द आहे. आयांना व आज्यांना तो ठाऊकच होता. शास्त्राला आणि संस्थांना मात्र त्याचे मोल फार उशिरा कळले.

आपल्याकडे या कथेचा आरंभ पुण्यात होतो. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, वाटल्यास मूल तेथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. पुढे १८७५ साली पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालकाश्रम निघाला व प्रार्थना समाजाने तो चालविला. टाकून दिलेले मूल जगावे कसे, हाच तेव्हा प्रश्न होता, आणि तो काही लहान नव्हता. दूध, ऊब आणि स्वच्छता यांपलीकडे मुलाला काय हवे, हे विचारण्याची सवड तेव्हा युरोपातल्या अनाथगृहांनाही नव्हती.

परंतु जोतीरावांच्या स्वतःच्या आयुष्यात त्याचे उत्तर होते. १८२७ साली त्यांचा जन्म झाला आणि वर्षाच्या आतच आई चिमणाबाई वारल्या. त्यांना वाढविले ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने. पुढे १८७४ च्या सुमारास, आपल्या गृहात बाळंत झालेल्या एका ब्राह्मण विधवेचे मूल या दांपत्याने दत्तक घेतले, तोच यशवंत. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडतो आहे, पण तो अगदीच ओढूनताणून आणलेला नसावा.

शास्त्राने हा प्रश्न हाती घेतला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. रेने स्पिट्झ या डॉक्टराने दोन ठिकाणची तान्ही मुले पाहिली. एक होते तुरुंगातले शिशुगृह. तेथे कैदी आया आपापली मुले सांभाळीत. दुसरे अनाथगृह : स्वच्छ, अन्नपाणी चोख, पण एका दाईच्या वाट्याला सात-आठ मुले. अनाथगृहातल्या ९१ मुलांपैकी ३४ मुले दोन वर्षांत दगावली. तुरुंगातले एकही नाही. स्पिट्झच्या पद्धतीवर पुढे आक्षेप आले, आणि ते काही अंशी रास्तही होते. तथापि जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली जो अहवाल लिहिला, त्याने हा विषय मिटू दिला नाही. आई किंवा तिच्या जागी कायम राहणारे एक माणूस, यांच्याशी अखंड जिव्हाळा ही तान्ह्या मुलाची गरज आहे, असे त्यांनी मांडले. बोल्बींना लहानपणी एका दाईने सांभाळले होते, आणि ते चार वर्षांचे असताना ती सोडून गेली होती.

मग हार्लो यांची माकडे आली. जात आपल्याच उत्तर हिंदुस्थानातली, लाल तोंडाची. तारेच्या बाहुलीकडे दूध आणि कापडाच्या बाहुलीकडे नुसती ऊब. पिल्ले दूध तारेकडे पीत आणि लगेच कापडाला जाऊन बिलगत. पोटाच्या भुकेपुरताच लळा असतो, हे मत तेथे ढासळले.

यातून एक अनर्थही झाला. दोष सरसकट आईवर येऊ लागला. नोकरीला जाणाऱ्या बाईला तो आजही ऐकावा लागतो. म्हणून मेरी एन्सवर्थ यांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. १९५४–५५ साली युगांडातल्या खेड्यांत त्यांनी २६ घरांतली तान्ही मुले पाहिली. भरल्या घरातले मूल आईखेरीज इतरांनाही लळा लावते, हे तेथे दिसले. आपल्या आजीला हे सांगायला युगांडा लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि स्वभावाचे काय? १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस व अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर पतिपत्नींनी मुलांच्या उपजत स्वभावाचा अभ्यास केला. शंभरांत सुमारे चाळीस शांत, दहा हट्टी, पंधरा बुजरी. उरलेली कोणत्याच गटात न बसणारी. स्वभावाला औषध नसेल, पण त्याच्याशी जुळवून घेणारे माणूस मिळाले तर औषधाची गरजच फारशी पडत नाही, असा त्यांचा एकंदर सूर आहे.

आपल्या जिल्ह्यात देवरुखला इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली मातृमंदिर उभे केले. आरंभ प्रसूतिगृहापासून झाला. पुढे अनाथ मुलींसाठी 'गोकुळ' निघाले. पंचक्रोशी बाईंना मावशी म्हणूनच ओळखे.

यशवंताचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. १८९० साली जोतीराव निवर्तले, तेव्हा भाऊबंदांनी त्याच्या अंत्यविधीच्या हक्कावर हरकत घेतली. सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंत तेव्हा डॉक्टर होऊन लष्करी नोकरीत होता. आईने बोलावताच तो आला, दोघांनी मिळून रोग्यांसाठी दवाखाना चालविला, आणि त्याच सेवेत प्लेग होऊन १० मार्च रोजी सावित्रीबाई गेल्या.